दान तसेच ठेव

आमच्या वडिलांचे बायबलवाचन हे गावाच्या भाषेत पारायणच होते. पवित्र शास्त्रात ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच अध्याय वाचले, तर उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सारे शास्त्र वर्षभरात वाचून होते आणि वर दोन-तीन दिवस शिल्लक राहतात, हा हिशेब त्यांनी तरुणपणीच मांडून ठेवला होता. आमचे गाव नेवासे तालुक्यातले. ज्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठी ओवीत सांगितला, तिथून सायकलीने जाता येईल इतक्या अंतरावरचे. त्यामुळे पोथी म्हणजे काय आणि ती रोज ठरल्या वेळी, हातपाय धुऊन का वाचायची, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजावून सांगावे लागत नसे. संध्याकाळी कोणी कामासाठी आलेच, तर "मास्तरांचं पारायण चाललंय" म्हणून ओट्यावर बसून राही. शास्त्राच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वडील दर वर्षी समाप्तीची तारीख लिहीत आणि तिच्यापुढे त्या वर्षीच्या पावसाची नोंद करीत. 'पाऊस बरा.' 'पाऊस उशिरा.' १९७२च्या ओळीत एवढेच आहे : 'पाऊस नाही. वाचन पूर्ण.'

वडील गेल्यानंतर ते शास्त्र माझ्याकडे पुण्याला आले आणि त्याबरोबर ती शिस्तही आली. मीही पेशाने शिक्षक. वेळापत्रक पाळणे अंगवळणी पडलेले. गेली तीसएक वर्षे मी त्याच पानावर, आणि ते भरल्यावर आत चिकटवलेल्या कागदावर, समाप्तीच्या तारखा लिहीत आलो आहे. माझ्या नोंदींत पाऊस नाही, कारण पुण्यात पावसाशी माझा संबंध छत्रीपुरताच उरला. मात्र 'वाचन पूर्ण' हे दोन शब्द मी दर वर्षी न चुकता लिहिले, आणि ते लिहिताना एक प्रकारचा अभिमान वाटत असे, हे आता कबूल केलेले बरे.

आमच्या मंडळीत 'वचनात सामर्थ्य आहे' हे वाक्य इतक्या वेळा म्हटले जाते, की ते ऐकताना कोणी मान वर करून पाहत नाही. साक्ष देणारा त्यानेच सुरुवात करतो, प्रार्थना करणारा त्यानेच शेवट करतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातले चौथ्या अध्यायातले ते प्रसिद्ध वचन, देवाचे वचन सजीव, सक्रिय आणि कोणत्याही दुधारी तलवारीपेक्षा तीक्ष्ण आहे हे, आम्ही मोठ्या हौसेने म्हणतो. जणू ती तलवार आमच्या हाती दिलेली आहे आणि पुढे उभ्या असलेल्या कोणावर तरी ती चालवायची आहे. त्याच ओळीत पुढे ती तलवार कोणाला भेदते हे लिहिलेले आहे, पण तोवर म्हणणाऱ्याचा आवाज खाली आलेला असतो. मलाही ते सामर्थ्य कुठे असते याचा पत्ता फार उशिरा लागला. त्याआधी मी ते दोन चुकीच्या ठिकाणी शोधत होतो. एक ठिकाण म्हणजे ही तारखांची यादी. दुसरे म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्रीचा डबा.

ज्यांनी ती रात्र कधी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर्षाच्या शेवटच्या रात्री दहा-साडेदहाला उपासना सुरू होते, गीते होतात, सरत्या वर्षाच्या साक्षी होतात, बाराच्या ठोक्याला सगळे गुडघ्यांवर असतात, आणि नवे वर्ष लागल्यावर एकमेकांना सलाम करून झाले की एक डबा किंवा परडी फिरते. तीत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या किंवा छापील कार्डे असतात. प्रत्येकावर शास्त्रातले एक वचन. आपल्या हाताला येईल ते आपले वर्षाचे वचन. पुष्कळ घरांत ते फ्रीजवर किंवा आरशाच्या कडेला वर्षभर लावलेले असते. ह्या प्रथेची टिंगल करावी असे मला वाटत नाही. थंडीत शाल गुंडाळून बसलेल्या म्हाताऱ्या बायका दिव्याखाली कार्ड डोळ्यांजवळ धरून वाचतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे असते ते खरे असते. पण डब्यात कोणती वचने घालायची हे कोणीतरी ठरवलेले असते. 'तू मातीत परत जाशील' हेही शास्त्रातच आहे, परंतु ते कार्ड मी आजवर कोणाच्या हाती आलेले पाहिले नाही.

एका वर्षी माझ्या हाताला यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले २९:११ हे वचन आले. 'परमेश्वर म्हणतो, तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो. ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत.' तेव्हा गावाकडे आई अंथरुणाला खिळलेली होती. मी त्या कार्डाचा अर्थ सरळ लावला : आई उठेल. कार्ड पाकिटात ठेवले, दर महिन्याला पैसे पाठवत राहिलो, फोनवर धाकट्या भावाला ते वचन वाचून दाखवले. भाऊ म्हणाला, "हो दादा." आई ऑगस्टमध्ये गेली.

देवावर रागावण्याइतकी माझी श्रद्धा तेव्हा जिवंत होती की नाही, याविषयी मला शंका आहे. मी कार्डावर रागावलो. आणि रागाच्या भरात, ज्या अध्यायावरून माझी नजर वीसहून अधिक वेळा फिरून गेली होती, तो यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय पहिल्यांदा वाचला. ते एक पत्र आहे. बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या यहुदी लोकांना यरुशलेमेतून धाडलेले. लवकरच सुटका होणार असे सांगणारे संदेष्टे त्या लोकांत होतेच, आणि यिर्मया त्यांना खोटे ठरवतो. तो सांगतो, घरे बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा आणि त्यांची फळे खा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हाला बंदिवान करून नेले त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. कारण ७० वर्षे लागणार आहेत. अकरावे वचन ह्या दहाव्या वचनातल्या सत्तर वर्षांना लागून येते. म्हणजे ते पत्र ज्यांनी कानांनी ऐकले त्यांतले बहुतेक जण परत जाण्याआधीच मरणार होते, आणि 'हिताचे संकल्प' हे शब्द त्यांनाच उद्देशून होते. मी ज्याला चिठ्ठी समजलो, ते परक्या मुलखात कांदे-लसूण लावायला सांगणारे पत्र होते. (कांदे-लसूण माझे, यिर्मया नुसत्या बागा म्हणतो.)

पंडिता रमाबाईंनी आपल्या आत्मकथनपर लेखनात एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे, तिच्याकडे मी त्या सुमारास पुन्हा वळलो. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. आणि पुढे सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला खरा, पण ख्रिस्त सापडलेला नाही. हे वाक्य दुसऱ्या कोणी लिहिले असते, तर मी ते प्रचारकी म्हणून सोडून दिले असते. रमाबाई मात्र पुराणिकाच्या घरातल्या. आई-वडील तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडत आणि त्यावरच घर चाले. लहानपणीच भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. ग्रंथ पाठ असणे म्हणजे काय आणि त्याने काय होते, काय होत नाही, हे ज्या बाईला पोटाला चिमटा घेऊन कळले होते, तिने 'धर्म सापडला, ख्रिस्त नाही' असे म्हणावे, याला वजन आहे. त्याच रमाबाईंनी नंतर आयुष्याची उरलेली वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सारे शास्त्र साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणण्यासाठी खर्च केली. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते भाषांतर केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले. खिळे जुळवण्यापासूनची कामे तिथल्या बायकांनी केलेली. ज्याला पाठांतराची मर्यादा ठाऊक आहे, त्यानेच शब्दाशब्दासाठी इतके झिजावे, हे मला अजूनही नीट उलगडलेले नाही.

आता भावाची गोष्ट. ती सांगण्याचे मी टाळत आलो आहे हे वाचणाऱ्याच्या ध्यानात आलेच असेल.

आई गेल्यावर जमिनीच्या वाटण्या झाल्या. सातबाऱ्यावर दोघांची नावे लागली, मोजणी झाली, हद्दीचे दगड रोवले गेले. वर्षभरात मी माझ्या वाट्यातला एक एकर विकला. जमीन माझी, नाव माझे, सही माझी; कायद्याने त्यात खोट काढायला जागा नाही. फक्त एवढेच, की त्या एकराला पाणी होते ते भावाने सात वर्षांपूर्वी सोसायटीचे कर्ज काढून टाकलेल्या पाइपलाइनमुळे. माझा तुकडा मुळात जिरायत. तो बागायत म्हणून विकला गेला, भावही बागायतीचा मिळाला, आणि त्यातला एक पैसाही मी भावाच्या कर्जाकडे वळवला नाही. त्याने मागितले नाही. व्यवहार झाल्यावर तो एवढेच म्हणाला, "कागदानं बरोबर आहे, दादा." त्यानंतर त्याचा फोन येणे बंद झाले. दोन नाताळ गेले. मी मनाशी म्हणत असे, माझ्या मनात त्याच्याविषयी काही नाही. त्यानेच धरून ठेवले आहे, त्याला मी काय करणार? आईच्या आजारपणात मी पैसे पाठवत होतो हे माझे दुसरे वाक्य. तिला उचलून न्हाणीघरात नेणारी, तिचे लुगडे दिवसातून तीनदा बदलणारी भावजय होती, हे त्या वाक्यात बसत नव्हते, म्हणून मी ते बसवले नाही.

फेब्रुवारीतला पहिला रविवार होता. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकरी आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी, असतो. पाळकसाहेब त्या दिवसांत येशूच्या डोंगरावरील प्रवचनावर क्रमाने उपदेश करीत होते आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायात पोहोचले होते. हा अध्याय मला तोंडपाठ. अकराव्या वर्षी संडे स्कूलच्या स्पर्धेत तो अथपासून इतिपर्यंत म्हणून मी स्टीलचा पेला मिळवला होता. त्यामुळे वाचन सुरू झाल्यावर मी नेहमीप्रमाणे ओठांतल्या ओठांत अर्धा शब्द पुढे चालत होतो. 'ह्यास्तव तू आपले दान अर्पण्यास वेदीजवळ आणले असता तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला तेथे स्मरण झाले...'

आणि ओठ थांबले. मी ते वचन आयुष्यभर उलटे म्हणत आलो होतो. शब्द बरोबर, पण कानात अर्थ असा, की माझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर. तसे काही नव्हतेच, म्हणून मी मोकळा. येशू मात्र माझ्या मनाची चौकशीच करीत नाही. तो भावाच्या मनाविषयी विचारतो, आणि समेट कर म्हणून सांगतो मला. मराठीचा शिक्षक मी. कर्ता कोण, षष्ठी कोणाची, हे पोरांना विचारत उभी हयात गेली, आणि एका षष्ठीवर पन्नास वर्षे नापास होत आलो. (हे 'ह्यास्तव' आणि 'अर्पण्यास' कोर्टाच्या कागदांखेरीज आता कुठे भेटत नाहीत, पण त्या जुन्या वळणाचा एक उपयोग असा, की वाचणाऱ्याला घाई करता येत नाही.)

घरी आल्यावर मला आणखी एक गोष्ट दिसली. हे बोलणे गालीलात चाललेले आहे, ऐकणारे बहुतेक तिथले कोळी आणि शेतकरी. वेदी मात्र एकच, यरुशलेमेच्या मंदिरातली, तीन-चार दिवसांच्या पायपिटीवर. म्हणजे त्या माणसाने कोकरू घेऊन तितके दिवस चालत जायचे, वेदीपाशी पोहोचल्यावर गावाकडच्या भावाची आठवण व्हायची, कोकरू तिथेच सोडायचे, पुन्हा तितके दिवस चालत गालीलात यायचे, भावाची समजूत काढायची, आणि मग परत फिरायचे. ऐकणारे त्या वेळी हसले असतील, असे मला वाटते. नंतर काही जण गप्प झाले असतील.

तर भाकरीचे तबक आमच्या बाकाशी आले. पौलाने करिंथकरांना लिहिले आहे की माणसाने आधी आत्मपरीक्षण करावे आणि मग त्या भाकरीतून खावे. हे वाक्यही दर महिन्याला वाचले जाते आणि आम्ही सगळे दर महिन्याला त्या परीक्षेत उत्तीर्ण होतो. मी तबक तसेच पुढे दिले. बायकोने माझ्याकडे पाहिले. पेल्यांचे तबक आले तेही पुढे दिले. तिला वाटले मला घेरी आली. उपासना सुटल्यावर मी म्हणालो, "गावाला जाऊन येतो." ती म्हणाली, "आज?" आणि थोड्या वेळाने, "जा."

पुणे ते नगर एसटीत आणि पुढे घोडेगाववरून नेवासे फाट्यापर्यंत उभ्याने जाताना मला कवी ना. वा. टिळकांची आठवण होत होती. तेही प्रवासातच सापडले होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जाताना डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. वाचीन असा दिलेला शब्द पाळायचा म्हणून टिळकांनी हाती पेन्सिल घेऊन वाचायला सुरुवात केली, आणि ह्याच डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आमच्या उपासनेत ही गोष्ट नेहमी इथे संपते. पण ज्या शब्दांनी टिळकांना ओढून नेले, त्यांनीच त्यांचे घर मोडले. पत्नी लक्ष्मीबाईंपासून ते कित्येक वर्षे दुरावले आणि लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली. भावाशी समेट कर म्हणणारा येशू त्याच मत्तयाच्या दहाव्या अध्यायात, मी शांतता नव्हे तर तलवार आणायला आलो आहे, असेही म्हणतो. ही दोन वचने एकमेकांना कशी भेटतात, यावर मी नगरपर्यंत विचार केला. मला उत्तर मिळाले नाही. एवढे मात्र दिसले, की दोन्ही ठिकाणी ऐकणारा होता त्या जागी बसून राहू शकत नाही.

घरी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. भावजयीने दारातूनच "दादा आले," म्हणून आत सांगितले आणि पाणी आणले. भाऊ बाहेर आला, बसला, प्रवासाचे विचारले. मी वाटेत तयार केलेले वाक्य बोललो : "पाइपलाइनीचे पैसे मी द्यायला हवे होते. माझं चुकलं." त्याने काही उत्तर दिले नाही. अंगणातल्या खुराड्याकडे पाहत राहिला. खुराड्यात कोंबड्यांच्या पाण्यासाठी एक स्टीलचा पेला ठेवलेला होता. काठ चेपलेला, नाव कोरलेली बाजू माझ्याकडे. मी तो ओळखला, आणि काही बोललो नाही.

जेवणे झाल्यावर भाऊ उठला. "लाइट दहाला येती. कांद्याला पाणी द्यायचंय." मी म्हणालो, "मी येतो." तो नको म्हणाला नाही. रात्री बांधावरून चालताना त्याने बॅटरी माझ्याकडे दिली, कारण त्याच्या हातांत फावडे होते. मोटार सुरू झाली, पाणी पाटातून सरीत उतरू लागले, तो वाफ्यामागून वाफा दारे मोडीत गेला आणि मी त्याच्या मागून उजेड धरीत गेलो. पहिल्यांदा मी तो फार लांब धरला. "दादा, पायाशी धर," तो म्हणाला. दोन अडीच तासांत आमच्यात झालेले बोलणे बहुतेक कांद्याविषयी होते. शेवटच्या वाफ्याशी तो म्हणाला, "आई जाताना तुझं नाव घेत होती. मी तुला सांगितलं नव्हतं." आणि पाट बंद करायला गेला. त्याने ते दोन अडीच वर्षे का सांगितले नसेल, हे मी विचारले नाही. माझ्याकडे त्याचे उत्तर होते.

सकाळी निघताना मी चेक लिहून दिला. पाइपलाइनीच्या कर्जातला माझा हिस्सा, व्याजासह, जितका मला काढता आला तितका. त्याने तो घडी घालून कपाटात, भावजयीच्या शास्त्रात ठेवला. कोणत्या पानात ते मी पाहिले नाही.

मार्चमधल्या पहिल्या रविवारी मी भाकरी घेतली. 'प्रथम आपल्या भावाबरोबर समेट कर आणि मग येऊन आपले दान अर्पण कर' ह्यातला 'प्रथम' माझ्याकडून पुरा झाला की नाही, याची खात्री मला त्या दिवशी नव्हती. पाळकसाहेबांना आधी जाऊन विचारले, तर ते म्हणाले, "गेला होतात ना? मग या." ह्या वर्षी वाचन मागे पडले आहे. ऑक्टोबर चालू आहे आणि मी अजून यशयातच आहे, कारण एखाद्या अध्यायाशी थांबलो की दोन-तीन दिवस पुढे सरकता येत नाही. डिसेंबरअखेर त्या चिकटवलेल्या कागदावर काय लिहायचे, हे मी ठरवलेले नाही. भावाचा आठवड्याला फोन येतो. कांदा चांगला निघाला, दर पडला. पासबुक मी महिन्यातून एकदा भरून आणतो. चेक अजून वटलेला नाही.